गुरुजींची वही

मंगळवार, संध्याकाळ

आज धरणाच्या गेटवर पहारा देताना मला शाळेत शिकवणाऱ्या गुरुजींचीच दुर्बीण मी काढून घेतली. बाहेरच्या माणसानं भिंतीवर दुर्बीण न्यायची नाही, असा नवा हुकूम आहे. दर हिवाळ्यात ते नेवाशाहून एसटीनं पक्षी मोजायला येतात. भांडले नाहीत. वही उघडून म्हणाले, "दत्ता, मग तूच वर जाऊन मोजून ये."

त्यांचीच दुर्बीण घेऊन गेलो. पण ती काही जुळवता येईना, सगळं धूसर. खाली येऊन बोललो, "चक्रवाक चाळीस हायेत, गुरुजी."

का बोललो असं? येत न्हाई म्हणायची लाज वाटली? स्वतः पाहिल्याशिवाय त्या वहीत त्यांनी कधी अक्षर लिहिलं नव्हतं. आज माझ्या शब्दावर लिहिलं, वर "शाबास" म्हणाले.

धरण राखलं मी. वही नाही राखली.