वेणीतला केस

मंगळवार, १६ जानेवारी २००१, खुटबाव

पालथी पडून लिहितेय, बसवतच नाही. माकडहाडावरचं गळू आज दौंडच्या डॉक्टरांनी कापलं. पुवाबरोबर चिमट्यात एक केस आला, वीतभर तरी असेल. माझ्याच वेणीतला! म्हणाले, गळालेले केस पाठीवरून खाली घसरतात आणि शिलाई मशीनवर तासन्‌तास बसलं की कातडीत रुततात. पण केस तर मऊ असतो ना? तो आत घुसेलच कसा? आणि परत पू धरला तर आतल्या आत बोगदा होतो म्हणे. मग मोठं ऑपरेशन, उघडी जखम, रोजची पट्टी.

आईचं वेगळंच. "केसानं कुठं गळू व्हतं व्हय? उष्णता हाय ती." खरं कुणाचं?

रविवारी मला बघायला पाहुणे येणार. त्यांच्यासमोर बसू कशी? वेणीच कापावी का? पण पोरीचे केस कमरेच्या खाली येतात, हे आईनं त्यांना आधीच सांगून ठेवलंय.

तो केस डोळ्यांपुढून हलत नाही. चिमट्यात लोंबत होता तेव्हा लाजेनं मेले मी. आईनं मात्र तो नीट निरखला आणि म्हणाली, "डॉक्टर, केवढा लांब हाय बघा की!"

आणि मलाही क्षणभर बरं वाटलं.