न मिळालेली टिप

आई, रेनोहून तुझ्या रस्टीचा गोड मुका. गुडघा कसा आहे? मी हॉटेलातच पोटभर जेवतो.

माझ्या वर्षाच्या कमाईचा कागद घरी येईल. त्यात टिप नऊशे डॉलर जास्त दिसेल. आम्ही वेटर मालकाला टिप कमी सांगायचो, मीही थोडी. विक्रीच्या ठरावीक टक्के टिप मिळतेच असं सरकार धरतं; आमची त्याहून कमी भरली, म्हणून मालक ती तूट कागदोपत्री आमच्या नावांवर वाटायला बसला.

आमच्यातली, एरवी टिपांची फुशारकी मारणारी लोरीन आपला वाटा टाळायला म्हणाली, “मला कोण टिप देतंय? धांदरट आहे मी.” पटावं म्हणून तिने मालकादेखत एका म्हाताऱ्यावर सूप सांडलं. तो म्हणाला, “दमलीस गं पोरी,” आणि वीसची नोट ठेवली. मालक नुसता हसला.

कर भरायचाय, म्हणून यावेळी पैसे कमी पाठवतोय. कागद व्हर्नन मामाला दाखवू नकोस. आकडा बघून उसने मागायला तो इथवर येईल.

तुझाच,
रस्टी