भिंतीपलीकडे वाघमारे

रवि. २ नोव्हें.
नव्या इमारतीत पहिली उपासना झाली एकदाची. आजवर निगडीला हार्डवेअरच्या दुकानावरचा तो भाड्याचा हॉल, दोन स्पीकर, खरखरणारा मिक्सर. आज सगळं नवं. हॉल भरून लोक मागे उभे. घुमतंय मात्र फार. पास्टर बोलताना एक शब्द दुसऱ्यावर चढतोय. जाड पडदे लागणार.
गाण्यांना बेस लागला तेव्हा अंगावर काटा आला. गायकवाड मावशी पहिल्या रांगेत डोळे पुसत होत्या. बेसचा तो कपाटाएवढा स्पीकर त्यांनीच दिलाय, गायकवाड काकांच्या आठवणीत. वर काकांच्या नावाची पितळी पट्टी. स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात, सगळ्यांना दिसेल असा ठेवलाय.
शालू: "अहो, आज एकदा तरी हसायचं होतं." साउंडवर बसलं की चेहरा कुठे जातो ते मला कळतच नाही.

बुध. ५ नोव्हें.
फर्स्ट शिफ्ट. कंपनीची बस मोशीच्या सिग्नलला अर्धा तास. तसाच उतरून चर्चला गेलो, पडद्यांचं माप घ्यायला. गेटपाशी एक गृहस्थ थांबलेले. वाघमारे. डाव्या भिंतीला लागून त्यांचं घर. कारखान्याच्या प्रेस शॉपमधून रिटायर.
"तुम्हीच का साउंडवाले? राव, रविवारी आमची मांडणीवरची भांडी वाजतात. भांड्यांचं जाऊ द्या. मिसेस अंथरुणाला खिळलेली आहे. पॅरालिसिस. तिची खोली नेमकी तुमच्या भिंतीला."
आवाज अजिबात चढवला नाही. कमी करतो म्हणालो. निघताना म्हणाले, "आम्ही बौद्ध, तुम्ही ख्रिश्चन, म्हणून भांडायला आलो असं नका समजू."
हे त्यांना वेगळं सांगावं लागलं. घरी येईपर्यंत तेच डोक्यात.

रवि. ९ नोव्हें.
सगळंच कमी ठेवलं. नोएल (ड्रमवर असतो, तरुण मंडळी त्याच्या मागे) नाराज. "संजूदादा, जान गेली गाण्यातली." संपल्यावर वाघमारे काकांकडे गेलो. त्यांनी नुसती मान हलवली. काही फरक नाही म्हणे.
कमिटीत विषय काढला. सगळ्यांचं एकच, परवानगी आहे, दिवसाची वेळ आहे, आठवड्यातून एकदाच तर आहे. पास्टर म्हणाले, "संजय, नाताळ तोंडावर आलाय. आत्ता हात लावू नकोस."
मिक्सरवर काटा खाली होता, मग पलीकडे कमी का होत नाही? तिकडे बसून ऐकल्याशिवाय कळायचं नाही.

रवि. १६ नोव्हें.
शालूला मिक्सरवर बसवलं. घाबरली होती, पण गायनात असते, कान चांगला आहे. मी वाघमाऱ्यांकडे.
काकू खिडकीजवळ, लोखंडी पलंगावर. उजवी बाजू गेलेली. वाचाही गेली. एकच शब्द उरलाय, "नको." काका सांगत होते, पाणी हवं असलं तरी नको, मुलगा आला तरी नको. आधी त्यांना वाटायचं रागावली आहे.
गाणं सुरू झालं. मला वाटलं होतं आवाज मोठा येत असेल. तसं नाही. आवाज येतच नाही. शब्द नाही, सूर नाही, पेटी नाही. नुसता धड, धड. भिंतीतून फरशीत, फरशीतून पलंगात. पलंगाच्या दांडीवर हात ठेवला तर दांडी थरथरतेय. काकूंनी डाव्या हाताने चादर मुठीत धरलेली.
आमच्याकडे ज्याने अंगावर काटा येतो ते इकडे हे असं येतं.
शालूला फोन लावला. "बेस बंद कर."
"पूर्ण?"
"पूर्ण."
बंद झाला. हळूहळू मूठ सुटली. काकांनी चहा टाकला, मी नको म्हणालो आणि जीभ चावली. प्यायलो.

मंगळ. १८ नोव्हें.
मावशींकडे जाऊन सांगितलं. त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी.
"माझ्या माणसाचं नाव आहे रे त्याच्यावर."
"माहितीय, मावशी."
"मग एकदम बंदच?"
पलंगाची थरथर सांगितली. मी उठलो तेव्हा म्हणाल्या, "रविवारी मला ने तिथं. माझ्या डोळ्यांनी बघते." मावशींची सगळी नोकरी दवाखान्यात गेली, नर्स होत्या. बघतील ते बरोबरच बघतील.

रवि. २३ नोव्हें.
नीट लिहितो, नाहीतर नंतर मलाच खरं वाटणार नाही.
मी मिक्सरवर, बेस बंद. मावशी उपासनेला न बसता काकूंपाशी. संपल्यावर बाहेर आलो तर वाघमारे काका गेटशी उभे, हातात चहाची गाळणी तशीच.
झालं ते असं. मावशींनी काकूंना पुसून घेतलं, वेणी घातली. घालता घालता काहीतरी गुणगुणत होत्या. ("आपलं गाणं नव्हतं हो. दुसऱ्याच्या घरात बरं दिसत नाही. नुसता सूर.") आणि काकूंनी सूर धरला. मग थेट गाणं. बाबासाहेबांचं. वसाहतीत बायकांचं गाण्याचं मंडळ होतं, त्यात काकू पुढे म्हणायच्या.
"सगळे शब्द, राव. कडवंच्या कडवं. एक शब्द अडखळला नाही. झटका आल्यापासून पहिल्यांदा." आणि काका धावत आत गेले, काय पाहिजे विचारलं, तर "नको."
मावशींनी दवाखान्यात असं आधी पाहिलंय. बोलणं जातं पण गाणं राहतं काही जणांचं. त्या शांत होत्या. घरी सोडायला गेलो तेव्हा गाडीवरून उतरताना म्हणाल्या, "तो बेस उजवीकडे नेऊन ठेव. तिकडे रिकामा प्लॉट आहे. पट्टी भिंतीकडे गेली तरी चालेल. आमच्या ह्यांना कुठं वाचायचीय."

गुरु. २७ नोव्हें.
नोएल आणि दोघं-तिघं आले, बेस उजव्या कोपऱ्यात नेला. खाली जाड रबर. बेस चालू ठेवून वाघमारे काकांकडे गेलो, पलंगाच्या दांडीला हात लावला. अगदी बारीक जाणवतं. काका म्हणाले, "एवढं चालतंय." नोएलला मीच त्या खोलीत नेलं. बाहेर येऊन त्याने रबराचा अजून एक थर टाकला.
संध्याकाळी पास्टरांचा फोन. काकूंच्या गाण्याचं मावशींकडून कळलं त्यांना. "संजय, देवाच्या कृपेची केवढी मोठी साक्ष आहे ही! रविवारी स्टेजवरून सांग."
उद्या सांगतो म्हणालो.

शुक्र. २८ नोव्हें.
काकांना विचारलं. विचारायलाच नको होतं. त्यांचा चेहरा उतरला.
"नका राव. मुलगा हिंजवडीला असतो, तो आधीच विचारतोय, चर्चची माणसं आपल्या घरात कशाला येतात म्हणून. तुमची बाई आली, माझ्या बायकोची वेणी घातली, ते मी विसरणार नाही. पण गाणं तिचं आहे. आमचं आहे."
मुलाचं काही चुकत नाही. मी त्याच्या जागी असतो तर मीही विचारलं असतं.
पास्टरांना जाऊन भेटलो. म्हणालो, सांगणार नाही, तुम्हीही सांगू नका. इमारतीसाठी हा माणूस घरोघरी फिरलाय, असं काही सांगायला मिळालं तर मंडळीला किती धीर येईल, हे मला दिसत होतं. शेवटी म्हणाले, "चांगलं झालेलं लपवायचं, संजय?"
"लपवायचं नाही. आपलं म्हणायचं नाही."
चहा न पिता उठलो दोघंही.

रवि. ३० नोव्हें.
पास्टर स्टेजवरून त्याबद्दल काही बोलले नाहीत. माझ्याशीही नाही. साउंड आजवरचा सगळ्यात चांगला होता, नव्या पडद्यांनी घुमणं पुष्कळ खाल्लंय. मागच्या रांगेतल्या आजी म्हणाल्या, आज शब्दन्‌शब्द ऐकू आला.
मावशी परत काकूंकडे. आज गायल्या नाहीत काकू.

मंगळ. २ डिसें.
काकांचा फोन. काकू मधे दोनदा गायल्या, पण मुलगा असताना कधीच नाही. त्याचा विश्वास बसत नाही. म्हणतो, पप्पा, तुम्हाला भास झाला. "राव, तुमच्याकडे चांगला माइक असेल. तेवढं रेकॉर्ड करून द्या. सहा तारखेला तो सुट्टी घेऊन येणार आहे. मी दरवर्षी दादरला जातो, यंदा घरीच थांबतो."
माइक चर्चचा. पास्टरांना विचारावं लागलं. त्यांनी कपाटाची किल्ली काढून दिली. "घेऊन जा. परत कधी आणायचा ते मी विचारत नाही." पुष्कळ दिवसांनी बरं वाटलं.

शनि. ६ डिसें.
सेकंड शिफ्ट आहे. वाघमाऱ्यांच्या ओट्यावर बसून लिहितोय. दुपार.
सकाळी बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला, मेणबत्त्या लावल्या, काकांनी वंदना म्हटली. काकू बघत होत्या. नंतर पंखा बंद, माइक उशीजवळ, वायर ओट्यावर माझ्यापर्यंत. मुलगा राजेश दारात उभा, हातात गाडीची किल्ली. माझ्याशी नीट बोलला, पण बसला नाही. मावशींनी खूप वेळ सूर धरला. काकू म्हणाल्या, "नको." परत धरला. "नको." हा नको खरा वाटला. मावशी उठून बाहेर आल्या, माझ्याशेजारी बसल्या. "आज राहू दे."
वायरी गुंडाळायला जाणार होतो. कंपनीची बस गेली असेल आता. सुपरवायझरला कळवलंय.
आत आवाज आहे. आधी वाटलं काका. काका तर इथे पायरीवर आहेत. राजेश गातोय, काकूंचंच गाणं. फार बेसूर, अर्धे शब्द विसरलेला, थांबून परत पहिल्यापासून. काका माझ्याकडे बघतायत.
माइक चालूच आहे. लिहिणं थांबवतो, हेडफोन लावतो.