सुट्या दगडांवरचे घर

आरंभी एक प्रश्न लिहून ठेवते, कारण त्याचे उत्तर मला येत नाही. घर माझे आहे. ते ज्या जमिनीवर उभे आहे ती उसाच्या मळ्याच्या मालकांची आहे. मग हे घर मी कोणाला देते, तेव्हा नेमके काय देते?

मी, आयॅन्थी वेरोना गिटन्स, वय चोवीस, शिक्षिका, राहणार सेंट फिलिप परगणा, बार्बाडोस, हे पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. येत्या शनिवारी हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेसाठी मी जमैकाला निघते. परत येण्याचा माझा पक्का विचार आहे, पण डॉक्टर माझ्या विचाराला बांधील नाहीत. आमच्या घरात याआधी कोणीच मृत्युपत्र केलेले नाही. मी पदवी घेऊन आले त्या आठवड्यात आईने घर माझ्या नावावर केले, कारण मळ्याच्या कागदांशी भांडायला कागद वाचणारे माणूस हवे, असे तिचे म्हणणे पडले. मृत्युपत्राचा अंमल करण्याचे काम माझे मामा लाइल यांच्याकडे असावे.

कलम एक. <s>जंगम</s> मालमत्ता: दोन खोल्यांचे लाकडी घर. माझे पणजोबा थिओफिलस पनामाचा कालवा खणायला गेले आणि चार वर्षांनी त्या कमाईतून पाइनच्या फळ्या घेऊन आले. फळ्या विकत मिळाल्या, जमीन कोणी विकली नाही. म्हणून इथल्या सगळ्यांसारखे त्यांनीही घर प्रवाळाच्या सुट्या दगडांवर टेकवले, चुना न लावता. मळ्याने ऊठ म्हटले की घर दिवसभरात सोडवून गाडीवर घालता यावे, एवढ्यासाठी. कायदा अशा घराला खुर्च्या-कोंबड्यांच्या रांगेत बसवतो. हे घर मी आईला देते, तिच्यामागे मामांना.

कलम दोन. प्रत्येक फळीला आतून पणजोबांच्या हातचा आकडा आहे, पुन्हा जोडताना चूक होऊ नये म्हणून. तरी झाली. एकोणीसशे सदतीस साली उपाशी लोकांनी मळ्याची रताळी उपटली, त्यांत पणजोबा होते. कोणी उपटली, असे विचारल्यावर ते पुढे होऊन म्हणाले, "लावली कोणी ते आधी विचारा." रविवारच्या आत घर उचलायचा हुकूम आला. घाईत मामांनी, तेव्हा ते दहा वर्षांचे होते, सतरा नंबरची फळी एकतिसाच्या पुढे ठोकली. मी आकडे त्या भिंतीवर शिकले, त्यामुळे शाळेतली पहिली छडी सतरासाठी खाल्ली. ती फळी कोणीही जागेवर आणू नये. आमच्या इतिहासाचे तेवढे एकच पान आमच्या हातचे आहे.

कलम तीन. शंख घासून केलेली पुरातन कुऱ्हाड. संडासाचा खड्डा खणताना ती मला सापडली. ती मी शाळेच्या तिसरीच्या वर्गाला देते. पुस्तकात लिहिले आहे की सोळाशे सत्तावीसमध्ये इंग्रज वसाहतीला आले तेव्हा बेट रिकामे होते. तो धडा शिकवण्यापूर्वी ही कुऱ्हाड मुलांच्या हातात द्यावी आणि विचारावे, ही कोणाची. ऊस आला, आमची माणसे जहाजांतून साखळ्या घालून आणली गेली, अठराशे अडतीसमध्ये साखळ्या सुटल्या, हे पुढचे धडे. त्यानंतरही पायाखालची जमीन मळ्याकडेच राहिली, हे पुस्तकात नाही. ते बाईंनी तोंडी सांगावे.

कलम चार. पुस्तके शाळेला. बँकेतले पैसे आईचे, त्यावर चर्चा नको. पदवीचा कागदही आईचा. तो बघून ती म्हणाली होती, "जाड आहे चांगला. छत गळतं तिथे लावू." तशी परवानगी तिला आहे. माझे काही बरेवाईट झाले तर शोकाचे कपडे उसने आणू नयेत.

कलम पाच. घर बांधून गाडीवर न्यायचा दोर, वीस वाव. तीन स्थलांतरे त्याने पाहिली. तो मी मळ्याचे व्यवस्थापक श्री. एलाकॉट यांना देते. दोन आठवड्यांपूर्वी ते जीपमधून न उतरताच म्हणाले की मळा ही जमीन विकतो आहे, वर्ष संपायच्या आत जागा मोकळी करा. मी म्हटले, तीस तारखेला देश स्वतंत्र होतो आहे.

"देश होतोय, बाई. तुमची जागा नाही," ते म्हणाले. "आणि अडचण काय आहे? दगड सुटेच आहेत."

दोर चांगला आहे. त्यांच्या उपयोगी पडो.

कलम सहा. माझी नाळ या जागेतल्या नीरफणसाच्या झाडाखाली पुरलेली आहे. कोर्टात याला पुरावा मानत नाहीत, हे मला माहीत आहे. तरी नोंद असावी.

कलम सात. गेल्या शनिवारी मी गवंडी क्लेमंट बॉइस यांना बोलावले. मामांनी मला बाजूला घेतले.

"पोरी, सुटे दगड हीच आपली पळवाट. एकदा सिमेंट घातलंस, की घर जमिनीचं झालं, आणि मळा ते जमिनीसकट गिळेल. मग तुझी आई कुठे जाईल?"

त्यांचे बरोबर होते. प्रकरण कोर्टात गेले आणि हरलो तर जमिनीबरोबर फळ्याही जातील, थिओफिलसचे आकडेही. मी त्यांना म्हटले की पळवाट आहे म्हणूनच आपल्याला तीनदा पळवले. चौथ्यांदा हलवायचे तर त्यांना घर फोडावे लागेल, आणि ते सगळ्या गावासमोर. आई तोवर पायरीवर बसून होती. ती उठली, बादली भरून आणली आणि गवंड्यापुढे ठेवली.

"पाणी बेताने घाल, क्लेमंट," ती म्हणाली. "पातळ झालं तर धरणार नाही."

दुपारी तिने सगळ्यांना खारा मासा आणि भात वाढला, पूर्वी घर हलवणाऱ्यांना वाढायची तसाच. चारही कोपऱ्यांचे दगड आता पक्के आहेत. आज सकाळी मी लाथ मारून पाहिले. म्हणून कलम एकमधील 'जंगम' हा शब्द मी स्वतः खोडला आहे. तिथे 'स्थावर' असे वाचावे.

सही: आयॅन्थी वे. गिटन्स

ही सही आमच्या डोळ्यांदेखत झाली. या मृत्युपत्रातून आम्हा दोघांना काहीही मिळत नाही:
युडोरा होल्डर, मुख्याध्यापिका
क्लेमंट बॉइस, गवंडी

मंगळवार, २९ नोव्हेंबर १९६६
ठिकाण: त्याच जागी