फियाटपुढची अगरबत्ती

बाबा,

आज फियाटपुढे अगरबत्ती लावायची नाही. शेडकडे जाऊच नका.

कार्बोरेटर काढून फ्युएल इंजेक्शन बसवलं ना, त्याचा इलेक्ट्रिक पंप फार जोरात पेट्रोल ढकलतो. मघाशी नुसती चावी फिरवली आणि इंजिनाकडचा जुना रबरी पाइप फुटला. खाली पेट्रोलच पेट्रोल. वाळू टाकलीय, बॅटरी काढलीय, पण वास तसाच कोंडलाय, आणि शेड चाळीला लागून.

मी प्रेशर सोसणारा पाइप आणायला ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात जातेय. शेजारच्या लवूकाकांना शेडच्या दारात बसवलंय, पण तुम्ही दटावलंत तर ते गप्प बाजूला होतील. देवाकडची काडेपेटी मी सोबत नेतेय. खालून नवी आणू नका, प्लीज.

हे सगळं आत्ता चहा पिताना तुम्हाला सांगितलं. तुम्ही "बरं" म्हणालात आणि लगेच विचारलंत, काडेपेटी कुठे ठेवलीस?

म्हणून ही चिठ्ठी. वाचून टाकून देऊ नका, शर्टाच्या खिशात ठेवा. काडेपेटी शोधायला लागलात की पुन्हा वाचा.

आकांक्षा