नमुना रहिवासी

४ तारीख
घर झकास मिळालं! कंपनीच्या जळालेल्या रसायन-गोदामासमोर, अगदी पहिल्या रांगेत. ताजा रंग, नवे पडदे, वर प्रशस्त खोली. कंपनीची अट एकच : मी इथे खुशाल राहायचं आणि सकाळ-संध्याकाळ वरच्या खिडकीत हसतमुखाने उभं राहायचं. कंपनीचाच माणूस आरामात राहतोय म्हटल्यावर वस्तीने कुरकुरायचं कशाला? साहेबांचं डोकं! नाहीतर या लोकांना समजावण्यात जन्म गेला असता.

५ तारीख
आग विझून दोन महिने झाले, तरी यांचं रडगाणं संपत नाही. शेजारची शिंपीणबाई सकाळीच दारात हजर. म्हणे, भाऊ, शिवायला घेतलेलं पांढरं कापड संध्याकाळपर्यंत करडं होतं, सासूबाईंना खोकल्याने झोप नाही. मी म्हटलं, म्हातारपणी खोकला व्हायचाच. तर म्हणे, मग माझ्या लेकीला का होतो? मी सरळ माझ्या खिडकीकडे बोट दाखवलं आणि विचारलं, मला काही झालंय का? आली तशी परत गेली. जरा ऐकून घेतलं की ही माणसं डोक्यावर मिऱ्या वाटतात.

९ तारीख
आज चौकात सभा झाली. आगीला जबाबदार कोण, तपासायला डॉक्टरांची गाडी कधी येणार, तेच ते. साहेबांनी नुसता माझ्याकडे हात केला. मी उठून सगळ्यांना नमस्कार केला. झालं, गाडीचा विषय बंद! वस्तीचे चेहरे बघण्यासारखे होते. घरी येऊन पोट धरून हसलो. हसता हसता ठसका लागला, तो थांबेचना. रुमालावर काळं आलं. धूळ असणार, दुसरं काय.

१३ तारीख
आज खिडकीत उभं राहायचा कंटाळा आला, म्हणून बाजारात भटकून आलो. परतताना सहज वर पाहिलं. खिडकीत कुणीतरी होतं. माझाच सदरा, हातात माझाच कप. रस्त्याकडे बघून हात हलवत होतं. धावत वर गेलो, तर खोली रिकामी. काचेवर आतून काजळी साचली होती, माणसाच्या उंचीची. खसाखसा पुसून काढली. या अडाण्यांच्या संगतीने माझंही डोकं फिरलंय.

१५ तारीख
काजळी पुन्हा आली. आता खांदे दिसतात, मान दिसते. पुसताना दम लागतो, मध्येच खाली बसावं लागतं. साहेबांना फोन करून डॉक्टर मागितला. म्हणाले, हवा बदलली की खोकला होतोच, आणि कामात कुचराई नको. हलकट माणूस! मला काय वस्तीतला समजतो?

१६ तारीख
कसाबसा कचेरीत गेलो. ओठ काळे पडलेत, आवाज फुटत नाही. साहेब दारातच भेटले. म्हणाले, आमचा माणूस खिडकीत ठणठणीत उभा आहे, आत्ताच बघून आलो. तू कोण? मी नाव सांगितलं. हसले. वस्तीतल्या लोकांनी आता सोंगंही आणायला सुरुवात केली, म्हणाले. पहारेकऱ्याने दंडाला धरून बाहेर काढलं.

१७ तारीख
घराला आतून कडी. पायरीवर पडून होतो. शिंपीणबाईने पाणी पाजलं. तिने ओळखलं मला, तिने एकटीने. तिला म्हटलं, सगळ्यांना सांग, मी आजारी आहे, हवा विषारी आहे. ती म्हणाली, भाऊ, आम्ही सांगायला गेलो की ते तुमची खिडकी दाखवतात. आवाजात राग नव्हता. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तिने वस्तीतून लोक गोळा केलेत. डॉक्टरांची गाडी त्यांनीच बोलावलीय, उद्या —

१८ तारीख
गाडी आली. चौकात — साहेब आधीच उभे.

वर बोट दाखवतायत. डॉक्टर वर बघतोय. मान हलवतोय, हसतोय —

शिंपीणबाई माझ्याकडे हात करून ओरडतेय. कुणी बघत नाही. मी हात वर — उचलवत नाही —

गाडी वळतेय. अहो, खाली! वर नाही, खाली बघा, मी इथे —