चाबकाचं अर्धं पाऊल

नाना, गेल्या शनिवारी मी तुम्हाला दिलेला शब्द मोडला. आधी तेच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल. इकडचं तिकडचं बोलून मग मुद्द्यावर येणारी माणसं तुम्हाला आवडत नसत. तुमच्या रिवाइंडिंगच्या दुकानात कोणी शेतकरी पंपाची मोटार घेऊन आला आणि हवापाण्याच्या गप्पा मारू लागला, की तुम्ही हातातली तार न सोडता म्हणायचात, जळाली कशी ते सांग आधी. तर जळाली ती अशी.

जळगावात मी ताई ची आता एकटीच करते. रिटायर होऊन चार वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन लांब गेली, घरात मी आणि टीव्ही. सकाळी तलावाच्या काठाला जाते आणि तुम्ही शिकवलेली पूर्ण माळ करते. सगळ्या हालचाली एकामागून एक, न थांबता करायच्या, म्हणून तुम्ही तिला माळ म्हणायचात. फिरायला येणारे लोक बघतात. एक बाई रोज न चुकता सल्ला देते, 'मॅडम, जरा जोरात करा, घाम तरी येईल.' एका काकांनी नाव विचारलं, मी ताई ची म्हटलं, तर म्हणाले, कोणत्या ताईची? हा विनोद मी धुळ्यात पहिल्यांदा ऐकला तेव्हा हसले होते, आता नाही हसवत. शिकवायचा प्रयत्न केला मी, खोटं नाही सांगत. तिघी आल्या, पंधरा दिवसांत तिघी झुंबाला गेल्या. तेव्हापासून कोणाच्या नादी लागले नाही. पण नाना, कधी कधी माळ संपते, हात खाली येतात आणि 'बरी झाली आज' एवढं म्हणायला शेजारी कोणी नसतं, तेव्हा फार एकटं वाटतं. हे मी मुलीलाही सांगत नाही.

धुळ्यात आम्ही चौदा जण होतो. मैदानाच्या कडेचा लिंब, त्याच्या फांदीला तुम्ही टांगलेला गवंड्याचा ओळंबा, आणि त्या दोरीशी पाठ जुळवून उभे असलेले आम्ही. कोणी बँकेत, कोणी कापसाच्या व्यापारात, मी जिल्हा परिषदेत. तुम्ही तरुणपणी जहाजावर फिटर होतात. पेनांगच्या बंदरात इंजिनरूममध्ये पडलात, डावी मांडी मोडली, जहाज तुम्हाला तिथेच ठेवून निघून गेलं. दवाखान्याशेजारच्या बागेत एक म्हातारे चिनी गृहस्थ सकाळी माळ करायचे. त्यांची भाषा तुम्हाला येईना, तुमची त्यांना. त्यांनी तुम्हाला हाताला धरून उभं केलं आणि आठ महिन्यांत चालतं केलं. ही गोष्ट तुम्ही एकदाच सांगितली, तीही थर्मासमधला चहा ओतता ओतता, जशी काही शिंदखेड्याला जाऊन आल्याची हकीकत. मांडीचं हाड वाकडं जुळलं होतं. तुम्ही लंगडत चालायचात.

आता त्या चाबकाबद्दल. उजव्या हाताची चोच करून मागे धरायची, डावा पाय टाचेवर लांब टाकायचा, डावा हात सावकाश पुढे न्यायचा, याचं नाव चाबूक. माळेत तो चार वेळा येतो. तुमचा डावा पाय तेवढा लांब जाईना. म्हणून तुम्ही अर्धं पाऊल टाकायचात, क्षणभर थांबायचात, डाव्या तळव्याने मांडी हलकेच दाबायचात आणि मग उरलेलं पाऊल ओढून न्यायचात. आम्हाला वाटलं, चाबूक असाच असतो. तुम्ही चालताना लंगडता हे दिसत होतं, पण माळ सुरू झाली की लंगडणं कसलं, माळेत जे दिसतं ते सगळं मुद्दाम, अशी आमची समजूत. ताई ची म्हणून आयुष्यात पाहिलेले तुम्ही एकटे. बँकेचे मॅनेजर नवीन माणसाला समजावून सांगायचे, 'इथं शक्ती मांडीत उतरते, घाई करायची नाही.' आणि मी तर सगळ्यांत पक्की. माझ्याइतकं हुबेहूब लंगडणारं त्या मैदानावर दुसरं कोणी नव्हतं.

मग तुमच्या गुरूंची नात पेनांगहून आली. आजोबांच्या शिष्यांचे शिष्य आता देशोदेशी पसरलेत आणि ती सगळ्यांना भेटत फिरत होती. तुम्ही आठ दिवस आधीपासून दाढी रोज करत होतात. आम्ही पांढरे कुर्ते शिवले. चौदा जण दोन रांगांत उभे राहिलो, माळ सुरू झाली आणि पहिल्या चाबकाला चौदा डावे पाय अर्ध्यावर थांबले, चौदा तळवे चौदा मांड्यांवर गेले, चौदा पाय ओढत पुढे सरकले. त्या बाई बघतच राहिल्या. संपल्यावर त्यांनी फार अदबीने विचारलं, 'ही तुमच्याकडची खास पद्धत आहे का?' मॅनेजर छाती काढून म्हणाले, 'हो.' मी त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या तुमच्याकडे पाहिलं. तुमचा चेहरा पांढरा पडला होता. तुम्ही स्वतः पुढे उभे राहून शिकवायचात, आमच्याकडे तुमची पाठ असायची. इतक्या वर्षांत तुम्ही आमच्याकडे एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी, अक्कांनी तुमच्या घरून दिलेला डबा परत द्यायला दुकानात आले. तुम्ही मोटारीत तांब्याची तार भरत होतात. वर न बघता म्हणालात, 'तुम्ही बठ्ठा लंगडा शेतस का?' आम्ही सगळेच लंगडे आहोत का, या प्रश्नाचं मला हसू आलं, आणि ते चुकलं. तुम्ही पक्कड खाली ठेवलीत. 'हाई मन्हं दुखनं शे, इद्या नही. कोनले देवानं नही. तू शिकलेली, तू तरी सांगायचं होतंस.' दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. तुमचं दुखणं कोणाला द्यायचं नव्हतं हे कळलं, पण मला इतका राग आला, नाना. तुम्ही दाखवलंत तेच केलं ना आम्ही? मी तसं बोललेही. 'तुम्हीच दाखवलंत की.' तुम्ही म्हणालात, 'तेच तर.' एवढंच. मी आठ दिवस मैदानावर फिरकले नाही. मग न राहवून आले, तर तुम्ही दुकानातली लोखंडी खुर्ची मैदानावर आणून तिच्यावर बसला होतात, आणि लिंबाखाली चुन्याच्या रेघा मारलेल्या होत्या. डावी टाच या रेघेला लागलीच पाहिजे. कोणाचा हात मांडीकडे गेला, की काठी आपटायची. एक अख्खा हिवाळा आणि उन्हाळा त्यात गेला. पावलं सुटता सुटेनात. माझं सर्वांत शेवटी सुटलं.

आमचा चाबूक सरळ झाला, पण त्या दिवसानंतर तुम्ही आमच्यासमोर एकदाही माळ केली नाहीत. खुर्चीवरून सांगायचात, बोटाने दाखवायचात. हे आम्हाला कळायला बराच वेळ लागला, आणि कळल्यावर विचारायची हिंमत कोणाला झाली नाही.

एकदाच पाहिलं. थंडीच्या दिवसांत सकाळी मी तुमच्या घरी आलेले, अक्का स्वयंपाकघरात कळण्याच्या भाकरी थापत होत्या. मी ठेच्यासाठी मिरच्या निवडत बसले होते. खिडकीच्या जाळीतून मागचं अंगण दिसत होतं आणि तिथे तुम्ही होतात, बंडी आणि मफलर, एकटेच. चाबूक आला. अर्धं पाऊल, तळवा मांडीवर, मग उरलेलं पाऊल. मला वाटलं, जगात याहून सुंदर काही नसेल. हे मी आज लिहून ठेवते, कारण तेव्हा बोलले नाही. अक्का तव्याकडे बघत म्हणाल्या, 'त्यांच्याकडे पाहू नको गं. कळलं तर आजचा चहा घेनार नहीत.' मी मान खाली घालून मिरच्या निवडल्या.

माझी बदली जळगावला झाली तेव्हा तुम्ही स्टँडवर आलात. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड माझ्या पिशवीत घातलंत. तोच ओळंबा, दोरीसकट. आणि म्हणालात, तिकडे कोणाला शिकवलंस तर सरळ शिकव, मन्हा पाय मन्हासंगेच जाऊ दे. शब्द दे. मी दिला. बस पारोळ्याच्या पुढे जाईपर्यंत पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. तुम्ही गेल्याचं मला चार दिवसांनी कळलं. आले तेव्हा अक्का म्हणाल्या, शेवटी शेवटी अंगणातही उतरत नव्हते. आता अक्काही नाहीत. चौदांपैकी काही गेले, काही मुलांकडे परगावी राहतात. मॅनेजरांचे गुडघे बदललेत, ते फोनवर फक्त गुडघ्यांबद्दल बोलतात. म्हणजे माळ करणारी मीच उरले. आणि इतकी वर्षं मी शब्द पाळला, नाना. एकटी असतानाही पाळला.

आता शनिवारचं. वर्षातून एका शनिवारी तुमच्या गुरूंच्या परंपरेतले सगळे, जिथे असतील तिथे, तिथल्या सकाळी दहा वाजता माळ करतात. आधी न्यूझीलंड, मग जपान, पेनांग, मग आपण, मग पुढे युरोप. दिवसभर ती अशी पृथ्वीला फिरत राहते. उन्हाळ्यात सकाळी दहा ही वेळ ज्यांनी ठरवली, त्यांनी धुळ्याचं ऊन पाहिलेलं नाही. यंदा गेलेल्या गुरुजनांसाठी करायचं ठरलं, आणि पेनांगच्या त्या बाईंनी, त्या आता पुष्कळ थकल्यात, मला लिहिलं की धुळ्याच्या गुरूंसाठी तुम्ही त्याच मैदानावर उभ्या राहाल का. मी एस.टी.ने आले. मैदानाला आता पळायचा गोल रस्ता केलाय. लिंब आहे. मी ओळंबा फांदीला टांगला, फोन बुंध्याच्या बेचक्यात ठेवला आणि उभी राहिले. पडद्यावर चौकटीत चौकटीत माणसं, काहींची माळ झालेली, काहींची व्हायची, आता माझी बघायला जोडलेली. गोरी, काळी, चपट्या नाकाची, सगळी गंभीर. मग तुमचा फोटो आला आणि एका माणसाने तुमच्याबद्दल वाचून दाखवलं. मी पाठवलेलंच होतं, पण त्यांनी शेवटी आपलं एक वाक्य घातलं होतं. त्यांची प्रत्येक हालचाल निर्दोष होती.

निर्दोष. नाना, मला संताप आला. आणि मग लगेच लक्षात आलं की तुम्हाला हेच तर हवं होतं. तुमचा पाय तुमच्यासोबत गेला, तुमच्या मनासारखं झालं. फक्त त्याबरोबर तुम्हीही गेलात. त्या फोटोतले निर्दोष गृहस्थ कोण ते मला माहीत नव्हतं. तुमची खरी चाल ज्याच्या शरीरात अजून आहे असं एकच माणूस आता या पृथ्वीवर उरलंय, आणि ते उन्हात फोनसमोर उभं होतं, ती कोणाला न दाखवायचं वचन देऊन.

माळ सुरू केली. पहिला चाबूक सरळ, टाच नेमकी तिथे. दुसराही. फोनच्या कोपऱ्यात मी मला दिसत होते. चांगलं करत होते, आणि ती बाई कोणाची शिष्या ते ओळखू येत नव्हतं. तिसराही सरळच काढला, दात खाऊन. चौथ्याला मी पाऊल अर्ध्यावर थांबवलं. आपोआप थांबलं असं लिहिता आलं असतं, पण मी थांबवलं. तळवा मांडीवर ठेवला. क्षणभर तिथेच राहिले, तुम्ही राहायचात तेवढीच. मग उरलेलं पाऊल ओढून नेलं. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मला शेजारी कोणीतरी आहे असं वाटलं. पुढची माळ रडत रडत केली, पण फोन लांब होता, त्यामुळे कोणाला दिसलं नसेल.

संपल्यावर सगळ्यांनी हात जोडले. मग जर्मनीतल्या एका बाईने काळजीने विचारलं, शेवटी तुमच्या पायाला काही झालं का. सगळ्या चौकटी माझ्याकडे बघत होत्या. पेनांगच्या त्या बाईही बघत होत्या, पण त्यांनी काही विचारलं नाही. सांगायची हीच वेळ होती. हे लंगडणं माझं नाही, आमच्या नानांचं आहे, त्यांनी लपवलं होतं, मी तुम्हाला दाखवतेय, असं म्हणायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण तुम्ही पक्कड खाली ठेवलीत तो आवाज आठवला.

तुमच्या दुकानाच्या जागी आता मोबाईल दुरुस्त करतात. शनिवारी परतताना तिथे थांबून पाहून आले, त्यामुळे हे पत्र कुठे टाकू असलं नाटक करत नाही. लिहून झालं की ओळंब्याच्या दोरीत गुंडाळून कपाटात ठेवीन. एवढंच अजून सांगायचं राहिलं की मी त्या जर्मन बाईला म्हटलं, वय झालं, गुडघा दुखतो. आता जगभरातून रोज कोणी ना कोणी तेलाचं नाव पाठवतंय. माझे गुडघे ठणठणीत आहेत, नाना.